वेरावळच्या पाण्यातला मोला: या हंगामाची नोंद

सुरमई आणि कुप्याचा हिशोब पुढच्या खेपेला. या हंगामात लिहावं असं जे घडलं ते मोलाचं, म्हणजे सनफिश या अवाढव्य समुद्री माशाचं. आजवर माझ्या वहीत 'लांबवर मोठा पर (माशाचा पंख) दिसला' एवढंच असायचं. आता पर पाहून मोला की मुशी (शार्क) ते सांगता येतं, आणि जवळून दिसला तर जातही ओळखता येते. बडोद्याहून रात्रभर प्रवास करून येणाऱ्याच्या वाट्याला समुद्र मोजकाच येतो, म्हणून मला याचं फार अप्रूप आहे.

आधी पराचं. मुशीचा पर पाणी कापत सरळ जातो. मोलाचा डुलतो, कलतो आणि मग ओल्या पंचासारखा एका अंगाला पडतो. त्याला खरी शेपटी नसतेच. पाठीवरचा आणि पोटाखालचा असे दोन लांब पर तो एकाच वेळी एकाच बाजूला मारतो आणि त्यावर पुढे सरकतो. मागे असते ती रुंद झालर, वळायच्या कामाची. जात ओळखायची ती याच झालरीवरून. 'मोला मोला' या जातीची कड नागमोडी असते. 'अलेक्झांड्रिनी' जातीची गोल आणि साधी, शिवाय डोक्यावर आणि हनुवटीवर फुगवटा. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवलेल्या 'टेक्टा' जातीच्या कडेला मधोमध खाच असते. 'मास्टुरस' या जवळच्या जातीच्या झालरीतून मात्र मध्येच एक टोक बाहेर आलेलं असतं.

जानेवारीत वारा पडलेला होता. 40 वाव (सुमारे 70 मीटर) खोल पाण्यात आम्ही ट्रोलिंग करत होतो, म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत होतो. पर पहिल्यांदा टंडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्यांना दिसला. त्यांनी इंजिन मंद केलं आणि आम्ही सगळे दोर भराभर आत ओढले. हे मी मुद्दाम लिहितोय. मोला लूरच्या (नकली आमिषाच्या) मागे लागत नाही, पण तणावातला ब्रेडेड (विणलेला) दोर त्याच्या पराला अडकला तर थेट कातडीत रुततो, आणि तीन तोंडी गळ अंगात बसला की होडीवरून तो काढणं अवघड.

इंजिन बंद करून होडी वाहू दिली. मासा एका कुशीवर आडवा, अंदाजे दीड मीटर लांब. राखाडी अंगावर पांढरट डाग, वरून बुळबुळीत थर. तोंड एवढ्या देहाला न शोभणारं, लहान आणि गोल. ते पूर्ण मिटत नाही, आत दात जुळून चोच झालेली दिसते. कल्ल्याच्या जागी छोट्या पराच्या पुढे एक भोक, तेवढंच उघडझाप करत होतं. वरचा डोळा हळूच फिरला आणि आमच्यावर थांबला. शेजारी एक कुरव पक्षी पाण्यावर बसून त्याच्या कुशीला चोची मारत होता. मग मासा सरळ झाला, झालर आमच्याकडे वळली आणि मधलं टोक स्पष्ट दिसलं. मास्टुरस! माझ्या वहीत जातीच्या नावासकट झालेली ही पहिली नोंद.

आमच्यातले एक काका म्हणाले, "अरे, आजारी दिसतोय. काठीने सरळ करू या का?" त्यांचा जीव कळवळला होता, पण मी थांबवलं. जपानमध्ये मोलाच्या अंगावर कॅमेरे आणि तापमापक बसवून केलेला अभ्यास 2015 मध्ये आला. हे मासे 100 ते 200 मीटर खोल, थंड पाण्यात जेलीफिशच्या जातकुळीतले जीव खायला उतरतात आणि गारठलेलं अंग उबवायला वर येतात. पक्ष्यांकडून परजीवी टिपून घ्यायलाही ते वर पडून राहतात असं मानतात. त्या वेळी त्याला ढोसणं किंवा इंजिन लावून खाली पिटाळणं म्हणजे त्याची विश्रांती मोडणं. आम्ही होडी तशीच राहू दिली. थोड्या वेळाने तो आपणहून खाली गेला.

बडोदेकरांना समुद्रातलं मोठं जनावर म्हटलं की कमाटीबागेच्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा आठवतो. देवमासा सस्तन प्राणी, पण अस्थिमत्स्यांत सर्वांत वजनदार नोंद मोलाचीच आहे. 2021 मध्ये अझोर्स बेटांजवळ मेलेला सापडलेला अलेक्झांड्रिनी 2744 किलो भरला. आणि हा प्राणी अंड्यातून बाहेर येतो तेव्हा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो, अंगावर काटे घेऊन. फुग्या माशांच्याच गणातला तो, हे त्या वयात पटतं.

मला खरी काळजी जाळ्यांची वाटते. तरंगत्या जाळ्यांत आणि लांब दोरांच्या गळांवर जगभर मोला नाहक सापडतात. धोक्यातल्या जीवांच्या जागतिक यादीत मोला मोलाची नोंद 'असुरक्षित' अशी आहे. सौराष्ट्रात 2004 पासूनच्या मोहिमेमुळे व्हेल शार्क अडकला की कोळी स्वतःचं जाळं कापून त्याला सोडतात आणि वनखात्याकडून जाळ्याची भरपाई मिळते. ज्या किनाऱ्याने हे करून दाखवलं, तिथे मोलासाठीही हात पुढे येतील असा माझा विश्वास आहे. टंडेलांशी बोललो. अडकलेला मोला पाण्यातच मोकळा करायचा, पर धरून होडीत ओढायचा नाही, एवढं त्यांनी कबूल केलं.

पावसाळी मासेमारी बंदीनंतर पुन्हा जाणार आहे. कुणाला मोला दिसला तर फोटो आधी झालरीच्या कडेचा घ्या, तोंडाचा नंतर. सोबत महिना, खोली आणि आजूबाजूला जेलीफिश होते का, तेही लिहा.