क्वाइट : बऱ्यापैकी की पुरतं?

माझ्या पहिल्या इंग्रजी लेखावर एका ब्रिटिश संपादकांनी शेरा मारला होता, 'क्वाइट गुड'. मी हरखून गेले. मग त्यांनी लेख पुन्हा लिहून मागितला, तेव्हा कळेना, एवढा आवडलाय तर बदलायचं काय? ब्रिटिश इंग्रजीत हा शेरा बहुतेक वेळा 'बरा आहे' एवढंच सांगतो. अमेरिकन माणसाने तेच दोन शब्द लिहिले असते, तर माझा आनंद बहुधा रास्त ठरला असता.

तेव्हापासून अनुवाद करताना 'क्वाइट' (quite) या शब्दापाशी मी थांबतेच. आधी पुढचं विशेषण बघते. दमणं कमीजास्त असतं, म्हणून 'क्वाइट टायर्ड' म्हणजे बऱ्यापैकी दमलेला. अशक्य मात्र थोडं किंवा जास्त नसतं. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य. 'क्वाइट राइट' म्हणजे अगदी बरोबर. 'नॉट क्वाइट रेडी' याचं भाषांतर 'अजिबात तयार नाही' असं केलेलं वाचलं की जीव कळवळतो. तयारी होत आली आहे, थोडकंच उरलंय, असं ते वाक्य सांगत असतं. एका शब्दाने प्रसंग उलटा होतो.

मूळ अर्थ पूर्णतेचाच. हा शब्द 'क्विट'च्या कुळातला: मोकळा, देणंघेणं चुकतं झालेला. मागे जात राहिलं की लॅटिन 'क्वाएटस' लागतो, म्हणजे शांत या अर्थाचा 'क्वाएट'ही भाऊबंदच. 'बऱ्यापैकी' हा अर्थ पुष्कळ नंतर चिकटला. ('क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडके नव्हेत, बरेच. ते तसंच लक्षात ठेवावं.)

खरी पंचाईत आघाताची. ब्रिटिश माणूस 'क्वाइट'वर जोर देऊन 'गुड' म्हणाला तर कौतुकात हात आखडता असतो. जोर 'गुड'वर पडला तर गोष्ट त्याला मनापासून आवडलेली असू शकते. कागदावर तो जोर उमटत नाही. मग मी मागची-पुढची वाक्यं पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचते.

मराठीतही असा एक शब्द आहे, 'पुरता'. 'तो पुरता फसला' यात काही शिल्लक उरत नाही, आणि 'कामापुरता मामा' यात मामाला कुंपण पडतं. आपण दोन्ही न अडखळता बोलतो, कारण आधीचा-नंतरचा शब्द कानात असतो. 'बरा' आणि 'बराच' यांत तर एका 'च'चाच फरक.

संपादकांचा तो कागद मी अजून जपून ठेवलाय. मराठीत आणायचा तर आज मी लिहीन: 'बरा आहे, अजून हात फिरवा.'