तुम्ही विचारलेत म्हणून: त्या जुन्या डब्याविषयी

साडेआठ आकडी, म्हणजे व्होल्टेज आठ-नऊ आकड्यांपर्यंत दाखवणारे, मीटर टेबलावर असताना साठच्या दशकातला हा जड डबा, म्हणजे माझा रेशो ट्रान्सफॉर्मर, कशासाठी, असे पुण्याहून आलेल्या भाच्याने विचारले, कामावरच्या नव्या मुलांनी विचारले, आणि घरात तर तो प्रश्न ‘अजून एक आणलात?’ या रूपात दर दोन वर्षांनी ऐकू येतो. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता एकदाच नीट लिहितो.

मीटर किती व्होल्ट आहेत ते सांगतो. मला बहुतेक वेळा हवे असते ते या व्होल्टेजचा नेमका कितवा हिस्सा तिकडे आहे, एवढेच. मीटरचे ते आठ आकडे डीसीवर खरे. एक किलोहर्ट्झच्या एसीवर त्यांतले शेवटचे तीन-चार शोभेचे असतात. माझा डेकाट्रान, म्हणजे अमेरिकेत आम्ही राहतो त्याच पोर्टलंडमधल्या इलेक्ट्रो सायंटिफिक इंडस्ट्रीजचा रेशो ट्रान्सफॉर्मर (दिलेल्या एसी व्होल्टेजचा हवा तेवढा हिस्सा काढून देणारा डबा), त्याच एसीवर गुणोत्तर दहा लाखांत एखाद्या भागाइतके अचूक देतो. निकेल-लोखंडाच्या पातळ पट्टीच्या गोल गाभ्यावर तारेचे दहा पदर एकत्र पिळून दोरासारखे गुंडाळायचे आणि मग ते एकापुढे एक जोडायचे, म्हणजे प्रत्येक पदराच्या वाट्याला जवळजवळ तेच चुंबकीय क्षेत्र येते आणि गुणोत्तर केवळ वेढ्यांच्या संख्येवर ठरते. घट्ट जोडलेल्या वेटोळ्यांची ही युक्ती ॲलन ब्लमलाइन यांनी १९२८ मध्येच ब्रिजसाठी, म्हणजे दोन बाजू तोलून मोजणाऱ्या मंडलासाठी, वापरली होती. हेच काम रोधांनी करणारा केल्विन-व्हार्ली दुभाजक तापतो, वयानुसार सरकतो. पण शंभर वेढ्यांचे साठ वर्षांनी नव्व्याण्णव होत नाहीत.

हे शेवटचे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवले आहे की माझा स्वतःचाही त्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास बसला होता, आणि ज्या प्रसंगामुळे हे लिहावेसे वाटले तो त्या विश्वासातूनच घडला.

मोजमापाच्या क्षेत्रात आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक वयस्कर गृहस्थ आपला रेशो ट्रान्सफॉर्मर घेऊन माझ्या गॅरेजमध्ये आले. दुसऱ्या बनावटीचा होता. तीस वर्षे तो त्यांनी स्वतः वापरला होता. आम्ही दोन्ही डबे एकाच एक किलोहर्ट्झच्या, दहा व्होल्टच्या स्रोतावर समांतर जोडले, दोन्हींच्या चकत्या ०.५ वर, म्हणजे निम्म्या हिश्श्यावर, ठेवल्या आणि मधे दोन्हींतला फरक दाखवणारा नल डिटेक्टर लावला. फरक दहा लाखांत चार भागांचा निघाला. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, “तुमचा सरकला आहे. स्विचचे संपर्क मळले असतील.” त्यांनी फक्त एवढेच म्हटले की हा आजवर कधी खोटे बोललेला नाही, आणि डबा उचलून घेऊन गेले. घरी संपर्क साफ करण्यासाठी त्यांनी तो उघडला आणि त्यात वेटोळ्यातून निघणारी केसासारखी एक तार तुटली.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामात माझ्या डब्याच्या चकत्या फिरवून फरक शून्यावर आणत असताना ऑसिलोस्कोपवरचा उरलेला अवशेष काही केल्या जाईना. एक किलोहर्ट्झचा सूर मावळत होता आणि त्याखालून दुप्पट फ्रिक्वेन्सीची बारीक लाट वर येत होती. असे सम हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, चौपट लाटा, दिसले की गाभ्याचे चुंबकत्व एका बाजूला कललेले आहे, असे समजायचे असते. तेव्हा आठवले: ते गृहस्थ आले त्याच सकाळी, वायर धड आहे ना हे पाहायला मी मल्टिमीटर ओहमवर लावून डब्याच्या इनपुटला टेकवला होता. ओहम मोजताना मल्टिमीटर स्वतः डीसी सोडतो, आणि मिलिअँपिअरभर डीसी असल्या गाभ्याला चुंबकित करायला पुरतो. म्हणून इनपुटला ओहम लावू नये, ही सूचना मी स्वतः इतरांना देत आलो होतो. मग ते चुंबकत्व घालवायला साठ हर्ट्झवर व्होल्टेज हळूहळू चढवून (या डब्याची मर्यादा फ्रिक्वेन्सीच्या ०.३५ पट, म्हणजे तिथे जेमतेम २१ व्होल्ट) तितक्याच सावकाश शून्यावर आणले. दुप्पट फ्रिक्वेन्सीची लाट गेली.

मी फोन करून त्यांना सगळे सांगितले. बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मग त्यांनी विचारले, “त्या दिवशी तू तुझ्या डब्याची टोके उलटी लावून पाहिली नव्हतीस?”

नव्हती पाहिली. इनपुटची टोके अदलाबदल करून ०.५ वर पुन्हा वाचन घ्यायचे. दोन वाचनांमधल्या फरकाचा निम्मा भाग ही माझ्याच डब्याची चूक. त्यासाठी वेगळे प्रमाणित उपकरण लागत नाही, फार तर दहा मिनिटे लागतात, आणि त्यांचा डबा समोर जोडलेलाच होता.

माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की गाभा चुंबकित झाल्याने गुणोत्तर नेमके तेवढेच चुकले, हेही मी सिद्ध करू शकत नाही. आता माझा डबा त्या उलटापालटीत दहा लाखांत एका भागाच्या आत बसतो, पण त्या सकाळी तो कुठे होता हे कळायला मार्ग नाही, आणि त्यांचा डबा तुटल्यामुळे तुलना पुन्हा करता येत नाही. ते चार भाग कदाचित खरोखरच त्यांचे असतील. असे म्हणताना मला बरे वाटते, म्हणूनच या शक्यतेवर मी फारसा विसंबत नाही.

वेढे मोजलेले आहेत ते तेवढेच राहतात, हे मी अजूनही म्हणतो. पूर्वीचा मी तिथेच थांबत असे. वेढ्यांभोवती गाभा आहे, स्विच आहेत आणि मल्टिमीटर हातात घेतलेला माणूस आहे, हे त्याला कुणी सांगितले असते तर त्याने त्यावरही वाद घातला असता. तरीही एसीवरचे गुणोत्तर पाहायचे झाले की माझा हात आजही त्याच डब्याकडे जातो. त्याच्या इनपुटवर आता ‘ओहम लावू नये’ अशी मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे. ती इथे वाचणारा मी एकटाच, आणि ती आहेही माझ्यासाठीच.

त्यांनी आपला डबा नंतर मला देऊन टाकला. तार दोराच्या आत तुटली आहे, दहाही पदर एकाच रंगाचे आहेत, आणि भिंग लावून दोनदा पाहिले तरी डाग देण्याजोगे टोक मला अजून सापडलेले नाही.