केळफूल, पण सहा मिलिमीटरचं

आजचा अख्खा रविवार विश्रामबागवाड्याच्या सज्जात गेला. म्हणजे माझ्या टेबलावरच्या! १८०७चा हा दुसऱ्या बाजीरावाचा वाडा १:५० मापात करायला घेतलाय. भिंती, मजले पटापट उरकले. खरी मजा आणि खरा वैताग दोन्ही नक्षीत.

खऱ्यातला तीन मीटरचा खांब इथे सहा सेंटिमीटर होतो. सुरुदार खांबाचा तो घाट, खाली फुगीर आणि वर निमुळता, काडीवर आणायला मी ड्रिल मशीनचाच लेथ केला. काडी चकमध्ये अडकवायची, मशीन हळू फिरवायचं, आधी बारीक कानस आणि मग पॉलिश पेपर. जरा जोर लावला की काडी मोडलीच म्हणून समजा.

लेझर कटिंग करून घे, असं दोघातिघांनी सुचवलं. जाळीला ते झकास, पण गोलाई येत नाही आणि कडा करपतात. केळफुलांसाठी, म्हणजे वाड्यातल्या केळीच्या फुलाच्या आकाराच्या कोरीव नक्षीसाठी, टूथपिकच्या टोकावर एम-सीलचा ठिपका, ओल्या सुईने पाकळ्यांच्या रेघा. वेलपट्टीचं पान न् पान कोरायच्या फंदात पडलोच नाही. पाच सेंटिमीटरचं पान एक मिलिमीटर होतं, ते दिसणार कुणाला? दुपदरी दोरा पीळ देऊन फेव्हिकॉलने चिकटवला, वर सागवानी रंग. हातभर लांबून बघितलं की सावली बरोबर पडते, नक्षी डोळाच भरून काढतो.

आईने चष्मा लावून केळफुलं न्याहाळली आणि म्हणाली, "लवंगाच लावायच्यास की रे!" आयडिया वाईट नाही हां. उद्या डबा उघडतो.