चाळीस रुपयांचा खड्डा

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा मेसेज आला तेव्हा पहिल्यांदा शाळेची इमारत, प्रार्थना, दहावीचा निरोप समारंभ वगैरे काही आठवलंच नाही, आठवला तो आनंदमेळा आणि त्यात आम्ही दोघांनी घातलेला चाळीस रुपयांचा खड्डा. नव्वदच्या दशकात नववीतल्या पोराला चाळीस रुपये म्हणजे काय ते आत्ताच्या मुलांना सांगून कळायचं नाही.

आमचे गणिताचे सर. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना स्वतःलाच आवडणार नाही. पहिल्याच तासाला त्यांनी देवळालीच्या कापरेकरांचं ६१७४ फळ्यावर करून दाखवलं होतं. सगळे आकडे सारखे नाहीत अशी कुठलीही चार अंकी संख्या घ्या, तिच्याच अंकांची मोठ्यात मोठी वजा लहानात लहान संख्या करत जा, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतंच. आपल्या नाशिकजवळ शाळेत शिकवणाऱ्या माणसानं हे शोधलंय हे ऐकून मला वाटलं गणित काय, आपणही शोधू काहीतरी. तर आम्ही जे शोधलं ते असं.

आनंदमेळ्यात सगळ्यांचे स्टॉल भेळ, सरबत, फार तर रिंग फेकायची. मी आणि माझा मित्र, ज्याच्या वडलांचं रविवार कारंजाजवळ किराणा दुकान होतं, आम्ही म्हटलं आपण फाशांचा खेळ लावू. रुपयाचं कुपन द्यायचं, दोन फासे टाकायचे, बेरीज सात आली की रुपयावाली आठ चॉकलेटं. माझा हिशोब एकदम पक्का होता. दोन फाशांची बेरीज २ ते १२, म्हणजे अकरा शक्यता, त्यात सात एकदाच, म्हणजे अकरा जणांत एक जिंकणार, अकरा रुपये येणार आणि आठ जाणार, दर अकराला तीन रुपये नफा. पीटीच्या सरांनी येऊन विचारलं, हा जुगार आहे का रे? आम्ही छाती काढून सांगितलं, गणिताचा प्रयोग आहे सर.

दुपारपर्यंत काकांच्या दुकानातून उधार आणलेली चॉकलेटची पाकिटं संपली. मित्रानं प्रत्येक फेक वहीत लिहून ठेवली होती (किराणा दुकानदाराचा पोरगा, नोंद सोडतोय कशाला), एकूण ७२ फेका आणि त्यात १४ वेळा सात. आले ७२, गेले ११२.

सर आले, वही बघितली, आणि आमच्या टेबलावरचे फासे उचलले. एक आमच्या घरातल्या लुडोतला, जुना, पिवळट पडलेला, दुसरा मित्राकडचा पांढरा. म्हणाले, पिवळ्यावर ३ आणि पांढऱ्यावर ४, आणि पिवळ्यावर ४ आणि पांढऱ्यावर ३, ही एकच गोष्ट आहे का? मी म्हटलं बेरीज तर सातच ना. ते म्हणाले, बेरीज एकच, पण येण्याचे रस्ते दोन. मग वहीच्या मागच्या पानावर सहा आडव्या सहा उभ्या अशा ३६ चौकटी आखायला लावल्या आणि प्रत्येकीत बेरीज लिहायला लावली. लिहिताना सात तिरक्या रांगेत उतरत गेला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, सहा वेळा. २ एकदाच, १२ एकदाच. ते पान मला अजून डोळ्यासमोर दिसतं. ३६ त सहा, म्हणजे सहात एक. अकरा शक्यता होत्या खऱ्या पण त्या समसंभाव्य, म्हणजे प्रत्येकीला सारखीच संधी असलेल्या, नव्हत्या, आणि समसंभाव्य हा शब्द आम्ही तोपर्यंत फक्त धडा संपवायचा म्हणून वाचलेला.

मग सरांनी हिशोब केला. ७२ फेकांत सात यायला हवा बारा वेळा, चॉकलेटं ९६, तोटा २४. तुमचा झाला चाळीस. "म्हणजे चोवीस रुपये गणिताचे आणि सोळा नशिबाचे. गणिताचे मी देतो, कारण ते शिकवायचं काम माझं होतं. नशिबाचे तुमचे तुम्ही बघा." आणि खरंच खिशातून चोवीस रुपये काढून दिले.

वर सांत्वन म्हणून सांगितलं की फ्रान्समध्ये डालांबेर नावाचा फार मोठा गणिती होऊन गेला, त्यानं १७५४ साली विश्वकोशात लिहिलं होतं की नाणं दोनदा उडवून किमान एकदा छापा येण्याची शक्यता २/३, कारण म्हणे पहिल्यांदाच छापा आला की खेळ संपला, नाहीतर काटा मग छापा, नाहीतर दोन्ही काटा, झाल्या तीनच शक्यता. खरं उत्तर ३/४. तुझीच चूक आहे ही, सर म्हणाले, फक्त त्याची चॉकलेटं गेली नाहीत.

दहावीत तोच संभाव्यतेचा धडा रीतसर आला. 'किमान' शब्द दिसला की सर खाली दोन रेघा मारायला लावायचे आणि म्हणायचे, आधी एकही नाही ते मोज. दोन फाशांत किमान एक सहा, वर्गातले निम्मे १/६ अधिक १/६ करून १२/३६ लिहायचे, पण सहा-सहाची चौकट त्यात दोनदा धरली जाते. एकही सहा नाही अशा चौकटी पाच गुणिले पाच पंचवीस, उरल्या अकरा. एकदा पत्त्यांचा कॅट पेपरात गुंडाळून आणला आणि दोन पानं ओढून दोन्ही एक्के येण्याची शक्यता विचारली. आम्ही धाडकन ४/५२ गुणिले ४/५२, उत्तर १/१६९. सर एवढंच म्हणाले, "पहिलं पान परत ठेवलं का?" नाही ठेवलं तर दुसऱ्या वेळी ५१ पानांत तीनच एक्के, उत्तर १/२२१.

आता मी पिंपळगावच्या बाजूला द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजची मेंटेनन्सची कामं करतो. एका मालकांना मीच तोऱ्यात समजावलं होतं, समजा एक कॉम्प्रेसर रात्रीतून बंद पडायची शक्यता विसात एक धरली, तर दोन्ही एकदम पडायची चारशेत एक. मार्चमध्ये ऐन सीझनला रात्री दोनला फोन आला, दोन्ही बंद. बाईकवर जाताना डोक्यात चारशेत एक, चारशेत एक. जाऊन बघतो तर दोन्ही कॉम्प्रेसरच्या कंडेन्सरला पाणी देणारा पंप एकच, तो जळाला, प्रेशर चढलं, आणि दोघांनाही हाय प्रेशर कटआऊटनं (प्रेशर फार चढलं की मशीन बंद करणारा स्विच) पाठोपाठ ट्रिप केलं. मी ज्यांना स्वतंत्र धरून गुणाकार केला ते एकाच पंपाचं पाणी पीत होते. पहाटेपर्यंत दारं उघडू दिली नाहीत, दुसरा पंप जोडला, माल वाचला. पंप जोडताना सरांचा तो पहिल्या पानाचा प्रश्न आठवत होता आणि थोडी लाजही वाटत होती, चाळिशीतही तीच चूक म्हणून.

हे सगळं लिहायच्या आधी मित्राला फोन केला. तो आता वडलांच्या दुकानात बसतो. म्हणाला, नशिबाच्या सोळातले माझे आठ मी तेव्हाच गल्ल्यात टाकले होते, तुझे आठ अजून बाकी आहेत, महोत्सवाला येताना सुट्टे घेऊन ये.