मास, पाप आणि क्वार्टर

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. खोकल्याचं औषध घ्यायचं तरी आधी चष्मा लावून बाटलीवर अल्कोहोल किती टक्के ते बघतात. या बाईंनी मागच्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत बारा दिवस जवळजवळ रोज 'मास' खाल्लं, 'पाप' शिजवलं आणि डर्बनमध्ये भर दुपारी, सगळ्यांसमोर, एक 'क्वार्टर' संपवली. हे त्यांच्याच परवानगीने लिहिते आहे.

जोहान्सबर्गला उतरून भाड्याची गाडी घेतली आणि क्रुगर अभयारण्याकडे निघालो. साधारण चारशे किलोमीटर. रस्ते झकास, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून, त्यामुळे नवरा खुशीत. पेट्रोल पंपावरच्या दुकानांत गरम गरम 'पाय', म्हणजे आत सारण भरून भाजलेल्या पेस्ट्र्या, मिळतात, पण बिनमांसाचा एकच, पालक-चीजचा, आणि तो नेमका आत्ताच संपलेला असायचा. बापलेकांनी बिल्टाँगचं पुडकं घेतलं. बिल्टाँग म्हणजे व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भरडलेले धने लावून वाळवलेलं मांस. मागच्या सीटवरून आई म्हणाल्या, "धन्याचा काय सुरेख वास सुटलाय! काय खाताय रे?" चिरंजिवांनी अतिशय गंभीरपणे "धनाडाळ" असं उत्तर दिलं. (आई, आत्ता वाचत असाल तर सॉरी.)

आमच्या एका बॅगेत भाजणी, बेसन, मेतकूट, गोडा मसाला आणि लसणाची चटणी होतीच. दही मात्र हवं होतं. मबोम्बेला, म्हणजे पूर्वीचं नेलस्प्रुट, इथल्या सुपरमार्केटमध्ये आई दुधाच्या फ्रिजसमोर उभ्या. योगर्ट सगळं स्ट्रॉबेरीचं नाहीतर पीचचं. शेजारी दोन लिटरच्या पांढऱ्या बाटल्या, त्यावर मोठ्या अक्षरांत 'मास'.

"अगं, दुधाच्या शेजारी मांस ठेवलंय यांनी! आणि तेही पातळ!"

तिथे माल लावणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या पोट धरून हसल्या. अमासी, त्या म्हणाल्या. झुलू आणि खोसा लोकांचं अमासी, आफ्रिकान्स भाषेत मास: आंबवलेलं दूध. पूर्वी ते वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात लावायचे. दही आणि ताक यांच्या मधलं काहीतरी, जाडसर, गाठी असलेलं, चांगलं आंबट. आईंनी गाडीत बसल्या बसल्या कागदी पेल्यात घेऊन चाखलं, जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "कढी होईल."

या अमासीची एक गोष्ट मला फार आवडते. 1961 मध्ये मंडेला भूमिगत असताना गोऱ्यांच्या वस्तीतल्या एका गोऱ्या मित्राच्या फ्लॅटमध्ये लपले होते. त्यांनी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर दूध आंबवायला ठेवलं. खिडकीजवळ दोन तरुण झुलूत बोलत होते: आपलं दूध त्या खिडकीत काय करतंय? गोऱ्याच्या घरात अमासी कोण लावणार? मंडेलांनी लगेच मुक्काम हलवला. विरजणाने माणूस कुठला ते कळतं, हे आईंना अजिबात नवल वाटलं नाही. "आपल्याकडे नाही का, आमटीच्या वासावरून घर ओळखतात," म्हणाल्या.

क्रुगरमध्ये स्कुकुझाच्या कॅम्पात खोलीचं स्वयंपाकघर व्हरांड्यातच होतं. माकडांमुळे फ्रिजला कडी. मे महिन्यात कॅम्पचं फाटक साडेपाचला बंद होतं, उशीर झाला तर दंड, त्यामुळे सहाला सगळं जग चुलीशी. आईंच्या जेवणाची वेळ जगाने प्रथमच मान्य केली होती.

बाकीची मंडळी ब्राय पेटवत होती. ब्राय म्हणजे बार्बेक्यू असं शेजारच्या आजोबांना म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पुरणपोळीला गोड पराठा म्हटलं असावं. लाकडं हवीत, गॅस चालत नाही, आणि निखारे होईपर्यंत कोणी घाई करायची नाही. त्यांच्या जाळीवर चकलीसारखी गुंडाळलेली लांबच लांब बूरवोर्स, म्हणजे सॉसेज. आमच्याकडे मक्याचं पांढरं पीठ. त्याची घट्ट उकड हे तिथलं रोजचं अन्न. पाकिटावर इंग्रजीत लिहिलेलं आई 'पाप' असं वाचतात, तिथले लोक म्हणतात 'पप'. आईंनी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढली, मळली आणि फ्रायपॅनवर भाकऱ्या थापल्या. कडा फाटल्या. पहिल्या दोन तर उचलतानाच मोडल्या. तिसरी आजोबांच्या निखाऱ्यांवर टाकली आणि ती टम्म फुगली. चौथी व्हर्वेट माकडाने नेली, आमच्या डोळ्यांदेखत, झाडावर बसून निवांत खाल्ली.

आजोबांनी भाकरीच्या बदल्यात ब्रायब्रोइकी दिली: चीज, टोमॅटो, कांदा आणि गोडसर चटणी घातलेलं, निखाऱ्यांवर भाजलेलं सँडविच. आईंची एकच शंका, जाळी वेगळी आहे ना? मी संकोचत विचारलं. आजोबांनी काही न बोलता गाडीतून कोरी जाळी काढली.

रुईबॉसचा चहा आईंनी एकदा घेतला, काढा म्हणून नोंद केली, आणि घरून आणलेल्या पावडरीवर परत गेल्या.

डर्बनच्या वाटेवर एका मुक्कामी स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी पुथू केला होता. हा मक्याचाच, पण मोकळा, सांज्यासारखा भुरभुरीत. त्यावर थंड अमासी ओततात. बाई आईंना 'गोगो' म्हणत होत्या, म्हणजे आजी. गोगोंनी दोनदा घेतलं, वर थोडं मेतकूट भुरभुरलं, आणि बाईंनाही चाखायला लावलं.

आणि मग डर्बन. 16 नोव्हेंबर 1860 ला मद्रासहून आलेल्या 'ट्रूरो' जहाजातून करारबद्ध हिंदी मजूर इथे पहिल्यांदा उतरले, उसाच्या मळ्यांसाठी. त्यांच्या मागोमाग व्यापारी आले. दुकानांच्या पाट्यांवर नायडू, पिल्ले, गोवेंडर वाचत आम्ही फिरत होतो. नवऱ्याने काउंटरवर खणखणीत आवाजात सांगितलं, "एक क्वार्टर, बीन्स." आईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

बनी चाऊ म्हणजे पाव कोरून त्यात भरलेली रस्साभाजी. सशाचा काही संबंध नाही. 'बनिया'वरून नाव पडलं असं बहुतेक जण सांगतात. क्वार्टर म्हणजे अख्ख्या लादीचा चौथा भाग. आतून काढलेला मऊ तुकडा वर झाकण म्हणून ठेवतात, त्यानेच खायला सुरुवात करायची, हाताने. मला मटणापेक्षा राजम्यासारख्या शुगर बीन्सचाच बनी आवडला. लालभडक, कढीपत्ता घातलेला, खाली पाव रस्सा पिऊन जड झालेला. मिसळ खाणाऱ्याला काही शिकवावं लागत नाही. आईंनी बोटं चाटून पुसली आणि क्वार्टर एकटीने संपवली, असं फोनवर पुण्याला कळवलंसुद्धा.

व्हिक्टोरिया स्ट्रीट मार्केटमध्ये मसाल्यांचे रंगीत ढीग आणि प्रत्येकावर पाटी. सर्वांत जहाल तिखटाचं नाव 'मदर-इन-लॉ एक्स्टर्मिनेटर'. मी घाईघाईने पुढे सरकले. आई मागेच थांबल्या, चष्मा लावला, पाटी पूर्ण वाचली आणि दुकानदाराला पाव किलो बांधायला सांगितलं.

"कशाला आई?"

"राहू दे घरात. तुझी सून आली की देऊ तिला."