बदकावर द्राक्षांचे ग्लेझ : या हंगामातील नोंद

बदकाबरोबर संत्र्याचा सॉस देण्याची फ्रेंच पद्धत प्रसिद्ध आहे आणि त्यासाठी मुळात कडवट-आंबट जातीचे संत्रे वापरले जाते. परंतु नाशिकमध्ये फेब्रुवारी-मार्चात हातगाड्या द्राक्षांनी भरलेल्या असताना तसल्या संत्र्याच्या शोधात फिरणे मला पटले नाही, म्हणून बदकाच्या कातडीवर लावायचा चकचकीत पाक (ग्लेझ) मी द्राक्षांचाच केला. मात्र फळ बदलले की गोड-आंबटाचा तोल बदलतो, आणि या हंगामात सगळे लक्ष त्या तोलावरच राहिले.

थॉमसन द्राक्षांचा रस आटवला की नुसता गोड पाक उरतो आणि बदकाच्या चरबीपुढे तो मिळमिळीत लागतो. शरद सीडलेस या काळ्या द्राक्षांच्या सालीत तुरटपणा असल्याने ती सालीसकट चुरून, मंद आचेवर शिजवून गाळतो आणि रस एक चतुर्थांश उरेपर्यंत आटवतो. आंबटपणासाठी व्हिनेगर चालते, पण त्याचा वास वर येतो. घरच्या मांडवावरील कच्च्या द्राक्षांचा रस, ज्यात टार्टारिक आणि मॅलिक ही दोन्ही आम्ले असतात, या कामी सर्वांत सरस ठरला. कच्ची द्राक्षे आधी येतात आणि पिकलेली नंतर, त्यामुळे हा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावा लागतो. (बागेत विरळणीच्या वेळी काढलेले मणी फुकट मिळतात खरे, पण त्या सुमारास फवारण्या चालू असल्याने ते मी स्वयंपाकघरात आणत नाही.)

गोठवलेले बदक फ्रिजमध्येच सावकाश वितळवून, मांसाला धक्का न लावता कातडीला टोचे मारून, उकळते पाणी ओतून आणि रात्रभर उघडे ठेवून सुकवल्यास चरबी नीट सुटते. ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर ठेवून सुमारे दोन तास भाजतो. खालच्या ताटलीत थोडे पाणी असले की धूर होत नाही.

ग्लेझ मात्र अगदी शेवटी लावावे. द्राक्षांतील साखरेपैकी जवळपास निम्मे फ्रुक्टोज असते आणि ते ११० अंशांच्या आसपासच तांबूस होऊ लागते, तर नेहमीच्या साखरेला त्यासाठी सुमारे १६० अंश लागतात. म्हणून मांडीच्या जाड भागात ७४ अंश भरत आले की आच २०० अंशांवर नेऊन, शेवटच्या दहा-बारा मिनिटांत पातळ असे दोन हात देतो. मिरी आणि किंचित दालचिनी पुरे. चक्रफुलाने द्राक्षाची चव झाकली जाते, असे माझे मत आहे.

उरलेला पाक फ्रिजमध्ये ठेवल्यास तळाशी खरखरीत स्फटिक बसतात. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असून अपायकारक नाहीत, पण ब्रशने लावण्यापूर्वी पाक पुन्हा गाळून घ्यावा.