फुगली की भोक पाडायचं

आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकाबाहेर रोज सकाळी एक गाडी लागते. साडेसहाला येते, साडेनऊला गायब. गाडीवर एक मोठा गोल लोखंडी तवा, ओल्या फडक्याखाली झाकलेले पिठाचे गोळे, अंड्यांचा ट्रे, सॉसचे दोन डबे आणि क्यूआर कोडची पाटी. पैसे गेले की गाडीतला स्पीकर ‘सात युआन मिळाले’ असं खणखणीत ओरडतो, आपल्याकडे वाण्याच्या गल्ल्यावरचा डबा ओरडतो तसाच. चीनमधल्या सुझोऊत आल्यावर मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते या ओरडण्याने.

गाडीवाली बाई माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी असेल. इथे अशा बाईला ‘आयी’ म्हणतात, म्हणजे मावशी. आमच्या घरात यावरून रोज गोंधळ. लेक म्हणते, “आयीने आज दोन अंडी घातली,” आणि मी स्वयंपाकघरातून, “मी कुठे घातली?” त्यात मी सासूबाईंनाही आईच म्हणते. पुढे या तिन्ही आया एकमेकींच्या पायात येणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आयी एकच पदार्थ करते, जीदान ग्वानबिंग. जीदान म्हणजे कोंबडीचं अंडं. बिंग म्हणजे पोळी, पराठा, धिरडं, जे काही पिठाचं गोल नि चपटं असेल ते. आणि ग्वान म्हणजे आत ओतून भरणं. नावातच कृती आली. पोळी तव्यावर टाकायची, ती टम्म फुगली की वरच्या पदराला चॉपस्टिकने भोक पाडायचं, त्यातून फेटलेलं अंडं आत ओतायचं आणि उलटायचं. अंडं पोळीच्या पोटात शिजतं. मग वरून गव्हाच्या पिठापासून आंबवलेला गोडसर काळा सॉस, तिखट सॉस, लेट्यूसचं एक पान, हवा तर सॉसेज, आणि गुंडाळी करून कागदी पिशवीत. फोटो पाठवला तेव्हा भावाने विचारलं, “म्हणजे बैदा रोटीच ना?” नाही. बैदा रोटीत अंडं पसरून वरून घडी घालतात. इथे पोळी आधी पिशवी होते आणि मग भरते. फरक छोटा वाटतो, पण करायला घेतलंत की कळेल.

तसं हे सुझोऊचं खाणं नव्हेच. इथले जुने लोक सकाळी सूपमधल्या शेवया खातात, तांबडं सूप की पांढरं यावर वाद घालत. शेजारचे आजोबा गाडीकडे बघून नाक मुरडतात. आयी हेनान प्रांतातल्या शिनयांगची. ग्वानबिंग मूळचं तिकडचंच, असं ती सांगते, आणि तिच्यासमोर कोणी नाही म्हणायची शक्यता नाही. शिनयांगमधून ह्वाय नदी जाते. या नदीच्या उत्तरेला गहू, दक्षिणेला भात, अशी चीनची ढोबळ वाटणी शाळेत शिकवतात. थंडीत घरं सरकारी व्यवस्थेतून गरम ठेवायची पद्धतही साधारण त्याच रेषेच्या उत्तरेला. आम्ही रेषेच्या दक्षिणेला. त्यामुळे जानेवारीत बाहेर चार अंश असतील तर आमच्या ओट्याशी आठ. पीठ मळताना बोटं बधिर होतात. हे का सांगतेय ते येईलच.

माझी गोष्ट अशी की मी मालवणची. आमच्याकडे न्याहारी म्हणजे घावणे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी. गव्हाशी माझं कधी जमलं नाही. लग्न होऊन साताऱ्याला गेले, पहिल्याच होळीला पुरणपोळी लाटायला बसवलं, आणि पुरणाने तव्यावर जे काही केलं ते सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात. त्यामुळे सुझोऊत सात युआन देऊन, म्हणजे ऐंशी-नव्वद रुपयांत, कोणी फुगलेलं हातात देत होतं याचा मला आनंदच होता. मी कशाला शिकायला जाऊ?

जायला लागलं, कारण नवं वर्ष आलं. २०२५ साली चिनी नववर्ष २९ जानेवारीला होतं, आपली पौष अमावास्या. त्याच्या दहाबारा दिवस आधीपासूनच शहर रिकामं व्हायला लागतं. न्हावी, भाजीवाले, पार्सलवाले, सगळे गावी. एका सकाळी गाडीच्या जागी फाटकाच्या खांबाला लाल कागद चिकटवलेला होता. लेकीने वाचून दाखवलं, “गावी जाते. कंदिलांच्या सणानंतर येते.” कंदिलांचा सण पौर्णिमेला, म्हणजे आपल्या माघी पौर्णिमेला. जवळजवळ चार आठवडे! लेकीने त्या कागदाकडे असं पाहिलं की मी तिथल्या तिथे म्हणून बसले, “करू की घरी.”

अंडी आणायला बाजारात गेले. इथे अंडी डझनावर नाही, वजनावर मिळतात, अर्ध्या किलोच्या मापाने. वर मूठभर कांद्याची पात फुकट, आपल्याकडे कढीपत्ता टाकतात तशी. मैद्याच्या पिशव्यांवर चिवटपणाची प्रत छापलेली असते, जास्त, मध्यम, कमी. मी मध्यम घेतला.

पहिल्या दिवशी पोळी फुगलीच नाही. मी तरी चॉपस्टिकने एक चीर पाडली आणि अंडं ओतलं. ते ऑम्लेट झालं, वर पोळीचं झाकण. दुसऱ्या दिवशी एका बाजूला पुरीएवढा फुगा आला, मी घाईने काडी खुपसली ती खालचा पदरही फोडून तव्याला टेकली. तिसऱ्या दिवशीचं सांगत नाही.

मग सासूबाईंना फोन. हाही एक सोहळाच असतो. इथे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, आणि इथलं वीचॅट भारतात जून २०२० पासून बंद. त्यामुळे पुतण्या घरी असेल तेव्हा त्याच्या फोनवर फेसटाइम. पुतण्याने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. सासूबाई अंडं खात नाहीत, त्यांच्या ओट्यावर ते चढतही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अंड्याचं तुझं तू बघ. पोळीचं मी सांगते. साटा लावलास?”

साटा! चिरोट्याला लावतो तो. मी दिवाळीत नेहमी चकलीचा सोऱ्या धरून बसले, चिरोट्यांच्या वाटेला गेले नाही. पण आयी गोळ्यांना काहीतरी पातळसर, तपकिरी लावताना मी शंभर वेळा पाहिलं होतं, आणि तो सॉसच समजत होते. तो साटा होता. फक्त आपण तुपात तांदळाची पिठी फेसतो, आणि इथे मैद्यावर कडकडीत तेल ओततात, फोडणी ओतावी तसं. चर्र आवाज होतो आणि भाजलेल्या गव्हाचा वास सुटतो. त्यात मीठ आणि पाच मसाल्यांची पूड: बडीशेप, चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि ह्वाजियाओ. हे ह्वाजियाओ मी पहिल्यांदा चावलं तेव्हा जीभ मुंग्या आल्यासारखी झाली आणि मला थेट बांगड्याची आमटी आठवली. आपल्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ आहे तो, झाडांचं कुळही एकच. सातारच्या सासूबाईंना तिरफळ सांगायला गेले तर म्हणाल्या, “ते राहू दे, कडा कशी दाबतेस ते दाखव.”

कडेचंच सगळं होतं. साट्यामुळे दोन पदर एकमेकांना चिकटत नाहीत. तव्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसली की ती पदरांच्या मध्ये साचते आणि पोळी फुगते. माझा साटा कडेपर्यंत जात होता, कडा मिटत नव्हती, वाफ तिथून सुटून जात होती. शिवाय मी लाटताना मधे जोर द्यायचे. फोनमधून आवाज आला, “अगं, मधे काय लाटतेस, कडा लाट! मधलं आपोआप येतं.” दहा वर्षांपूर्वी होळीला हेच शब्द होते. तेव्हा मी रडत होते, म्हणून ऐकू आले नसावेत.

आता जमलेलं लिहिते, कोणाला करायचं असेल तर. तीनशे ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ. अर्ध्या मैद्यावर उकळतं पाणी, साधारण शंभर मिली, ओतून चमच्याने ढवळायचं, उकड काढतो तसं. उरलेल्या मैद्यात तेवढंच गार पाणी. मग दोन्ही एकत्र मळायचं. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च शिजतो आणि पाणी धरून ठेवतो, म्हणून पोळी गार झाली तरी चामट होत नाही. पण सगळंच उकडून घेतलं तर पिठाला ताण राहत नाही आणि फुगा फाटतो. गारपाण्याचा अर्धा भाग तो ताण देतो. हाताला चिकटणारच, तेल लावा, पीठ भुरभुरू नका. तासभर झाकून ठेवा. आमच्या आठ अंशांत गोळा दगड व्हायचा, म्हणून मी भात लावलेल्या कुकरच्या झाकणावर पातेलं ठेवायला लागले.

साट्याला तीन मोठे चमचे मैदा, तेवढंच कडकडीत तेल, मीठ, पाव चमचा मसाला. सहा गोळे करायचे. गोळ्याची छोटी पारी लाटून मधे चमचाभर साटा, आणि पुरण भरतो तसं तोंड मिटवायचं. गाडीवर पीठ जिभेसारखं लांब लाटून साटा लावून गुंडाळी करतात, त्याला पदर जास्त सुटतात, पण मला उंडाच जमतो. दहा मिनिटं थांबून कडेकडेने लाटायचं, वितभर. तवा मध्यम आचेवर, तेल थोडं. आच कमी पडली तर वाफ व्हायच्या आतच पोळी वाळते आणि तिचा पापड होतो.

फुगायच्या आधी पोळीचा रंग बदलतो. मधे अर्धपारदर्शक डाग दिसतात, मग एक लहान फोड, मग दुसरा, आणि ते दोन्ही एकमेकांकडे सरकत एकदम मिळतात. त्या क्षणी अंड्याची वाटी हातात हवी. अंडं आधीच फेटलेलं, पात नि मीठ घालून, चोच असलेल्या भांड्यात. काडी उभी खुपसायची नाही. आडवी धरून कडेजवळ फक्त वरचा पदर उचलायचा, आणि एका हाताने तो धरून दुसऱ्याने ओतायचं. वाफेचा एक झोत बोटांवर येतो, तो सोसायचा. तोंड मिटवून दहा सेकंद थांबून उलटायचं. ज्या दिवशी अंडं एक थेंब बाहेर न सांडता आत फिरताना दिसलं, पातीचे हिरवे तुकडे पोळीच्या कातडीखालून सरकताना दिसले, त्या दिवशी मी लेकीला झोपेतून उठवून दाखवलं. रविवार होता. ती म्हणाली, “सॉसेज आहे का?”

तरी काहीतरी कमी होतं. आयीची पोळी ओठांनी तुटायची, माझ्या पोळीला दात लागायचे.

पौर्णिमा १२ फेब्रुवारीला झाली आणि दोन दिवसांनी गाडी परत आली. मी रांगेत उभी राहून फोनवरचा व्हिडिओ तयार ठेवला होता. आयीने हात पुसून फोन घेतला, पूर्ण पाहिला, मागच्या दोघांना दाखवला, आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच्या कानाची पाळी पकडली. मला वाटलं, बिचारी माफी मागतेय, चार आठवडे आम्हाला उपाशी ठेवलं म्हणून. मी माझ्या तुटक्या चिनीत घाईघाईने “काही हरकत नाही, काही हरकत नाही” म्हणू लागले. तिने डोकं हलवलं, फडक्याखालचा एक गोळा दोन बोटांत दाबला, मग परत कानाची पाळी दाबली. गोळा, पाळी, गोळा, पाळी. मग तेलकट हात पुढे करून तिने माझीच पाळी चिमटीत धरली. मागची मंडळी हसायला लागली. पीठ एवढं मऊ हवं. तिने मला गोळ्याला हात लावू दिला. माझ्या पिठाहून कितीतरी सैल होतं ते, बोटातून ओघळेल की काय असं. मी पाणी मोजून घालत होते, पण हाताला चिकटलं की घाबरून वर पीठ भुरभुरत होते, तेही दोनदा.

संध्याकाळी पुतण्या घरी होता. फोन साखरेच्या डब्याला टेकला. मी म्हटलं, “आई, आयी म्हणाल्या की पीठ...”

“मी काही म्हणाले नाही,” सासूबाई.

“तुम्ही नाही हो, गाडीवाल्या. पीठ असं हवं.” आणि मी कानाची पाळी पकडून दाखवली.

त्या फोनच्या अगदी जवळ आल्या. पडद्यावर नुसता चष्मा.

“अगं, कान कशाला पकडतेस? त्या होळीचं मी कधीच विसरले.”